सीडीची नाजूक बाजू

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी बजावलं होतं की प्रत्येकाने आपापल्या क्षेत्रातलं, सगळ्यांना उपयोगी पडेल असं काहीतरी पंधरा मिनिटांत सांगायचं. सकाळी आपल्या डॉक्टर मैत्रिणीने रक्तातल्या साखरेवर बोलून जेवणातल्या जिलेबीचा निम्मा आनंद घालवला. उरलेला निम्मा वकील मित्राने मृत्युपत्राची आठवण करून देऊन घालवला. मी सॉफ्टवेअरवाली. तेव्हा आता ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलणार आणि आपल्या मुलांच्या नोकऱ्या राहणार की जाणार ते सांगणार, अशी तुमची अपेक्षा असेल. ते मी चहाच्या वेळी सांगेन, चकटफू. आत्ता मी बोलणार आहे ते प्रवासात सीडीला चरे पडू नयेत म्हणून काय करावं, या विषयावर.

हसा, हसा. माझा मुलगाही हसला. "आई, सीडी असते कुणाकडे आता?" म्हणाला. त्याच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. पण या विषयाला एक कारण आहे आणि ते कारण इथे पहिल्या रांगेत बसलेलं आहे.

दोन महिन्यांपूर्वी मेळाव्याचं आमंत्रण द्यायला मी आपल्या संगीताच्या बाईंना फोन केला. बाईंनी आधी सगळ्यांची चौकशी केली. मग जरा थांबून म्हणाल्या, "अगं, तुमच्या निरोप समारंभाला मी भैरवी म्हटली होती. ती तुमच्यापैकी कुणीतरी टेप केली होती ना? माझ्याकडे माझं स्वतःचं गाणं काहीच नाही बघ. आता आवाज वर चढत नाही. नातीला सांगते, मी गात होते. ती म्हणते, ऐकव की मग."

मी म्हटलं, "बाई, आहे माझ्याकडे. घेऊन येते." फोन ठेवला आणि माळ्यावरचं खोकं काढलं.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. १९९६ सालचा जानेवारी महिना. शाळेच्या हॉलमध्ये आपल्या दहावीच्या वर्गाचा निरोप समारंभ. आपण मुलांनी सात-आठ गाणी म्हटली, त्यातली निम्मी बेसूर. तबल्यावर आपले चित्रकलेचे सर होते. सर आज आपल्यात नाहीत. आणि शेवटी आपण सगळ्यांनी हट्ट केला म्हणून बाईंनी भैरवी म्हटली. आपण मिरजेची मुलं. दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीला होणारं रात्र-रात्रभर चालणारं गाणं आपण आई-वडिलांच्या मांडीवर पेंगत ऐकलेलं. त्यामुळे चांगलं गाणं म्हणजे काय हे कळत नसलं, तरी चालू असताना गप्प बसायचं, एवढं कळत होतं. त्या दिवशी हॉलमध्ये कुणी हललं नाही. एका मित्राने घरून टेपरेकॉर्डर आणला होता आणि नव्वद मिनिटांची कॅसेट लावून ठेवली होती. मधे बाजू बदलताना झालेला 'खट्ट' आवाजही त्यात आहे.

पुढे २००२ साली, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष चालू असताना, आम्ही चौघांनी ती कॅसेट सीडीवर घ्यायचं ठरवलं. एकाच्या घरी सीडी राईट करता येणारा कॉम्प्युटर होता, आणि तेव्हा ती मोठी चैन होती. टेपरेकॉर्डरच्या इयरफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरला जोडली. अख्खी कॅसेट वाजू दिली. सीडीवर ऐंशी मिनिटं मावतात, म्हणून भाषणं कापली (माफ करा सर!) आणि अठ्ठ्याहत्तर मिनिटांचं गाणं ठेवलं. चार कोऱ्या सीडी आणल्या, चार प्रती केल्या. प्रत्येकाला एक.

कॅसेट २००५च्या पुरात गेली. ज्याची होती त्याचं सांगलीतलं घर पाण्यात होतं, तेव्हा कॅसेटचं दुःख करायला कुणाला सवड नव्हती. तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. म्हणजे उरल्या त्या चार सीडी. त्यातली माझी मी फार जपली, असा माझा समज होता.

२००६ साली मी नोकरीसाठी बंगळुरूला गेले, तेव्हा माझ्याकडे साठेक सीडी होत्या. वडिलांनी घेऊन दिलेल्या भीमसेनजींच्या, किशोरीताईंच्या, कुमार गंधर्वांच्या, आणि थोडी सिनेमाची गाणी. साठ डब्या बॅगेत मावेनात. म्हणून सगळ्या डब्या घरी ठेवल्या आणि सीडी कागदी पाकिटांत घातल्या. चकचकीत बाजूला बोटही लागू दिलं नाही. मग प्रत्येक पाकिटावर, वरच्या कडेला, बॉलपेनने नीट दाबून नाव लिहिलं. सीडी आत असताना. आणि राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर त्या बॅगेवर डोकं ठेवून झोपले.

ज्यांना यातली चूक कळली नसेल त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मी तेव्हा इंजिनिअर होऊन चार वर्षं झाली होती आणि मलाही कळली नव्हती.

आपण सगळे समजतो की सीडीची चकचकीत बाजू नाजूक आणि नाव लिहायची बाजू पाठ, म्हणून दणकट. खरं ते उलट आहे. सीडी ही एक पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर जाडीची पारदर्शक प्लास्टिकची चकती असते. गाणं असतं ते या प्लास्टिकच्या वरच्या अंगाला, नावाच्या बाजूला. त्यावर आरशासारखा अगदी पातळ धातूचा थर, त्यावर लाखेसारखं एक लुकण, आणि त्यावर छपाई. संपलं. म्हणजे चकचकीत बाजूने गाण्यापर्यंत पोचायला जवळजवळ सगळं प्लास्टिक ओलांडावं लागतं आणि नावाच्या बाजूने नखभर खरवडलं तरी पुरतं. दुकानातल्या सीडीवर निदान छपाईच्या शाईचं आवरण असतं. घरी राईट केलेल्या स्वस्त सीडीवर पुष्कळदा तेही नसतं.

प्लेअरमधला लेझर किरण खालून, चकचकीत बाजूने येतो. प्लास्टिकमध्ये शिरताना तो पाऊण मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो आणि गाण्याच्या थरावर पोचेपर्यंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका बारीक होतो. त्यामुळे खालच्या बाजूवरची धूळ किंवा बारीक चरा त्याला धूसर दिसतो, चष्म्यावरचा डाग आपल्याला दिसतो तसा. त्याच्या पलीकडचं वाचता येतं.

शिवाय सीडी बनवणाऱ्यांनी चरे पडणारच हे धरूनच ती बनवली आहे. सीडी बाजारात आली १९८२ साली, पण त्यात वापरलेलं गणित त्याच्या बावीस वर्षं आधीचं, १९६० सालचं, रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांचं. गणिताच्या सरांसमोर मी ते सोडवून दाखवायचं धाडस करणार नाही, पण कल्पना सोपी आहे. समजा वहीत एका पानावर एक उत्तर लिहिलं आणि ते पान फाटलं, तर अख्खं उत्तर गेलं. पण प्रत्येक उत्तरातला एकेक शब्द वेगवेगळ्या पानांवर पसरून लिहिला, तर एक पान फाटल्यावर प्रत्येक उत्तरातला फक्त एक शब्द जातो आणि तो मागच्या-पुढच्यावरून भरून काढता येतो. सीडीवर गाणं असंच पसरून लिहिलेलं असतं, आणि भरून काढायला लागणारी जादा माहितीही सोबत लिहिलेली असते. वाचनाच्या वाटेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा गेला तरी गाणं जसंच्या तसं परत मिळतं.

यातला 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. सीडीवरची वाट मधल्या भोकापासून सुरू होऊन गोल गोल फिरत कडेपर्यंत जाते. म्हणून मधून कडेकडे गेलेला सरळ चरा प्रत्येक फेऱ्यात वाट एकदाच आणि थोडीशीच कापतो. तो बराचसा सोसतो. पण गोलाकार चरा वाटेच्या बरोबरीने धावतो आणि लांबच लांब तुकडा खाऊन टाकतो. आणि आपण सीडी पुसतो कशी? ताट पुसावं तशी, गोल गोल, ओढणीने.

आता माझ्या सीडीकडे येते. मी बॉलपेन दाबलं ते पाकिटाच्या वरच्या कडेला, म्हणजे आतल्या सीडीच्या बाहेरच्या पट्ट्यावर, नाजूक बाजूने. लुकणाला टोचे पडले. त्या टोच्यांतून वर्षानुवर्षं दमट हवा आत गेली आणि चंदेरी थर तिथून सुटत गेला. परवा सीडी दिव्यासमोर धरली तर कडेजवळ चांदण्या दिसल्या. जिथून उजेड आरपार येतो, तिथे गाणं उरलेलं नाही. प्लास्टिकवरचा चरा घासून कमी करता येतो. गेलेला आरसा परत येत नाही.

आणखी एक गोष्ट. सीडी आतून बाहेर वाचली जाते. पहिलं गाणं भोकाजवळ, शेवटचं कडेला. आपण अठ्ठ्याहत्तर मिनिटं भरली होती, म्हणजे शेवटचं गाणं अगदी काठावर. आणि कार्यक्रमाच्या शेवटी काय असतं? भैरवी. माझ्या सीडीवर आपली बेसूर गाणी ठणठणीत आहेत. शेवटच्या तीन गोष्टी गेल्या आणि त्यात बाईंची भैरवी.

मी आमच्या चौघांतल्या दुसऱ्या मैत्रिणीला फोन केला. ती लग्नानंतर बडोद्याला असते. तिची सीडी गाडीत सापडली, चेन लावायच्या पाकिटात, सिनेमाच्या गाण्यांच्या मधोमध. कुरिअर करू का म्हणाली. मी नको म्हटलं. सुट्टीत माहेरी आली तेव्हा मीच जाऊन घेतली. तिच्या सीडीची नावाची बाजू उत्तम, पण चकचकीत बाजूवर गोल चरे. ओढणीने पुसायची ना ती!

मग मी दोन्ही सीडी घेऊन बसले. घाई केली नाही. सगळ्यात कमी वेगाने, दोन वेगवेगळ्या यंत्रांवर वाचल्या, कारण एकाला न जमलेलं कधी कधी दुसऱ्याला जमतं. प्रत्येक भाग पुन्हा पुन्हा वाचून दोनदा सारखाच आला तरच खरा मानला. सीडीवर एका सेकंदाच्या गाण्याचे पंचाहत्तर तुकडे असतात. चारही प्रती आम्ही एकाच फाईलवरून केल्या होत्या. त्यामुळे माझ्या सीडीवरचा गेलेला तुकडा तिच्या सीडीवर शाबूत असेल, तर थोडं पुढे-मागे सरकवून तो नेमका तिथे बसवता येतो. ठिगळ दिसतही नाही, कारण ते ठिगळ नसतंच, तेच कापड असतं. असं करत शेवटच्या तिनातली दोन गाणी पूर्ण मिळाली. भैरवीही बरीचशी मिळाली. अकरा मिनिटांतली दोन मिनिटं दहा सेकंद अजून नाहीत. तुकड्यांत सांगायचं तर ९,७५०. बाईंचा आवाज वर चढतो आणि ऐन तिथेच शांतता येते.

संगणकाला सांगून मधली जागा अंदाजाने भरता आली असती. आजकाल तेही होतं. पण तो बाईंचा आवाज नसेल आणि तबल्यावर सरांचा हात नसेल. म्हणून मी ती जागा मोकळी ठेवली आहे.

चारातल्या दोन प्रती अजून बाकी आहेत. तिसरी ज्याच्याकडे होती तो मित्र आज इथे आहे आणि त्याचं म्हणणं, त्याने ती वर्गातल्याच कुणाला तरी ऐकायला दिली होती. कुणाला ते आठवत नाही. चौथीवाल्याने चार घरं बदलली आहेत. तो म्हणतो, कुठल्यातरी खोक्यात असेल. म्हणजे या हॉलमध्ये बसलेल्या कुणाच्याही कपाटात, जुन्या गाडीत, भावाच्या घरी त्या दोन सीडी असू शकतात. वर निळ्या स्केचपेनने फक्त 'निरोप ९६' लिहिलेलं आहे. म्हणून हा विषय. सापडली तर ती माझ्यापर्यंत कशी आणायची, एवढंच मला सांगायचं आहे. आणि तेच तुमच्या बाकीच्या सीडींनाही लागू आहे.

सापडली की आधी पुसू नका. उत्साहाने लावूनही बघू नका. कडांना धरून उचला, दोन्ही बाजूंना बोट लावू नका. डबीत असेल तर मधलं बटण दाबून काढा, एका कडेने ओढून वाकवू नका. पुसायचीच वेळ आली, तर स्वच्छ, मऊ सुती कापडाने भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल नाही, पदर नाही, ओढणी नाही. टूथपेस्टचे प्रयोग तर मुळीच करू नका. ते घासणं शेवटचा उपाय म्हणून, आणि मी करेन.

प्रवासाला सगळ्यात चांगली ती जुनी कडक प्लास्टिकची डबी. कारण त्यात सीडी मधल्या दात्यांवर धरलेली असते, तिचे दोन्ही पृष्ठभाग कशाला टेकत नाहीत. पण दाते तुटलेले नाहीत ना ते आधी बघा. दाते तुटले की सीडी आत खुळखुळते आणि तुटलेला दाताच कानशीसारखं काम करतो. चेनच्या पाकिटात जागा कमी लागते हे खरं, पण आत एक वाळूचा कण गेला की एसटीच्या प्रत्येक हिसक्याला तो घासत राहतो. चरे धक्क्याने कमी पडतात, हलण्याने जास्त. आपल्या गावातल्या सतारमेकरांच्या दुकानात लहानपणी आपण बघितलंय. तंबोरा परगावी पाठवताना तारा सैल करायच्या, भोपळ्याभोवती कापड, पेंढा अशी भर घालायची. आवळायचा नाही आणि हलूही द्यायचा नाही. सीडीचं तेच. डब्या बॅगेत पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, फट राहिली तर टॉवेल कोंबा, वर जड काही नको.

विमानाने येणार असाल तर हातातल्या बॅगेत ठेवा. तपासणीच्या क्ष-किरणांनी सीडीला काही होत नाही. ती चुंबकावर चालत नाही, उजेडावर चालते. गाडीने येणार असाल तर काचेखाली उन्हात ठेवू नका. उष्णतेने प्लास्टिक वाकतं, आणि घरी राईट केलेल्या सीडीत गाणं एका रंगाच्या थरात लिहिलेलं असतं, तो रंग उन्हाने उडतो. पावसाळ्यात एसीच्या गाडीतून दमट हवेत आणलीत तर तिच्यावर दव धरतं. अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या, मग डबी उघडा.

कुरिअरने पाठवायचीच झाली तर डबी, डबीच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा, मग पाकीट. आणि पत्ता आधी लिहा, सीडी मग घाला. हे वाक्य शिकायला मला वीस वर्षं लागली.

एक शेवटचं. आपल्या पिढीची लग्नं, मुलांची बारशी सीडी-डीव्हीडीवर आहेत. डीव्हीडीत मजकूर दोन पातळ थरांच्या मधे असतो, म्हणून तिची नावाची बाजू एवढी हळवी नसते. पण दोन्ही आता पंधरा-वीस वर्षांच्या झाल्या आणि वाचायची यंत्रं घराघरांतून चालली आहेत. दुकानात मिळालेल्या गाण्यांची फार काळजी करू नका, ती परत मिळतील. माझ्या भीमसेनजींच्या दोन सीडी गेल्या, मी नव्या घेतल्या. ज्यावर हाताने नाव लिहिलंय ती आधी काढा. एक प्रत तुमच्या घरी, एक दुसऱ्या गावी बहिणीकडे किंवा मित्राकडे. २००२ साली आम्ही पोरांनी गंमत म्हणून चार प्रती केल्या आणि चार घरी नेल्या. आज बाईंच्या भैरवीतलं जे काही वाचलं आहे, ते माझ्या जपण्याने वाचलं नाही. त्या चार घरांमुळे वाचलं.

बाई, तुम्हाला फोनवर "आहे माझ्याकडे" म्हटलं ते अर्धवट खरं होतं. जेवढी मिळाली तेवढी या पेनड्राइव्हमध्ये आहे, नातीला जरूर ऐकवा. मधे शांतता आली की तिला सांगा, गाणं संपलेलं नाही, मुलं शोधतायत.

आणि तुम्ही सगळे, आज रात्री घरी गेल्यावर माळ्यावर चढा. निळ्या अक्षरांत 'निरोप ९६'. कडांना धरून.